बालाघाटावरील पारध आणि पाऊस



शिकारीच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांत वाघ असतो, बंदूक असते, आणि नेम न चुकणारा एक शूर पुरुष असतो. परंतु या गोष्टींतून एक पात्र बहुधा गळालेलें असतें, तें म्हणजे आभाळ. शिकारी आणि सावज या दोघांच्या खेळांत आभाळ हा तिसरा भिडू नेहमींच हजर असे. वारा फिरला कीं हरीण बिथरे. सर आली कीं दारू भिजे. ओढ्याला लोंढा आला कीं परतीची वाट बंद होई. रानांत गेलेल्या माणसानें या तिसऱ्या भिडूशीं कसें निभावून नेलें, त्यासाठीं कोणत्या युक्त्या योजल्या, आणि त्या युक्त्यांची किंमत कोणीं मोजली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय मोघम बोलण्याचा नव्हे. त्याला पाय टेकण्यास जागा हवी. म्हणून आपण धाराशिव तालुक्यांतील बेंबळीच्या परिसरांत उभे राहूं. समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फूट उंचीचें हें बालाघाटाचें पठार. खालीं काळा पाषाण, त्यावर कोठें मुरमाड माळ तर कोठें खोल काळी जमीन. या पठाराचें एक वैशिष्ट्य असें कीं, त्याच्या एका अंगाला पडलेलें पाणी बोरी आणि सीना यांच्या वाटेनें भीमेला मिळतें, तर दुसऱ्या अंगाचें पाणी तेरणा आणि मांजरा यांच्या वाटेनें गोदावरीला जातें. येथें घनदाट अरण्य नाहीं. आहे तें उघडें माळरान. कुसळी गवत, बाभळी, बोरी, आणि मधूनच ओढ्याकांठची झाडी. काळवीट, लांडगा, ससा, तित्तर, लावा आणि माळढोक हे येथले जुने रहिवासी. उघड्या माळावर सावज दुरून दिसतें खरें, पण शिकाऱ्यालाहि आडोसा मिळत नाहीं. आणि आभाळ कोसळूं लागलें म्हणजे तर मुळींच मिळत नाहीं.

येथलें पाऊसमान बेताचें. वर्षाकांठीं तीस इंचांच्या आसपास, तोहि लहरी. रोहिणींत वळीव, मृगांत पेरणीपुरता, मध्यें दीर्घ उघडीप, आणि भाद्रपदांत पुन्हां जोर, अशी त्याची चाल. या प्रदेशाच्या पावसाची नोंद फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारापाशीं ठराविक तोंडाचें भांडें ठेवून पाऊस मोजण्यास सांगितलें आहे, आणि निरनिराळ्या देशांचें पाऊसमान द्रोणांत दिलें आहे. अवंतीचे २३ द्रोण. अपरांतांत, म्हणजे कोंकणपट्टींत, अमर्याद. आणि गोदावरीच्या खोऱ्यांतील अश्मक देशाला अवघे साडेतेरा. आजहि कोंकण आणि मराठवाडा यांच्या पावसांत जें अंतर दिसतें, तेंच या आंकड्यांत दिसतें. आपल्या भागांतला पाऊस कमी आहे हें ज्ञान अलीकडचें नव्हे.

याच ग्रंथांत मृगयेच्या गुणदोषांचा वाद आलेला आहे. द्यूत वाईट कीं मृगया वाईट, असा प्रश्न. मृगया अधिक वाईट म्हणणारा आचार्य तिच्यांतले धोके मोजून दाखवितो : चोर, शत्रू, श्वापदें, वणवा, ठेच लागून पडणें, भय, दिशाभूल, भूक आणि तहान. कौटिल्य उलट बाजूनें सांगतो कीं, मृगयेंत व्यायाम घडतो, चरबी झडते, हलत्या आणि स्थिर लक्ष्यावर नेम बसतो, भ्यालेल्या व चिडलेल्या जनावराचें मन कळतें. वाद मोठा रंगतदार आहे. पण श्रोत्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. धोक्यांच्या या यादींत वणवा आहे, तहान आहे, परंतु पावसाचा उच्चार नाहीं. माझ्या मतें याचें कारण सरळ आहे. राजा पावसाळ्यांत मृगयेला जात नसावा. वाईट हवामानाशीं झगडण्याचा पहिला आणि सर्वांत शहाणपणाचा उपाय म्हणजे त्या दिवसांत घराबाहेर न पडणें.

हा उपाय निवडण्याची चैन कोणाला परवडे आणि कोणाला परवडत नसे, हा प्रश्न मात्र पुढें सबंध इतिहासभर आपल्या सोबत राहणार आहे.

बाराव्या शतकांत या पठारावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. बेंबळीहून तें तीन-चार दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेवर. तेथला राजा तिसरा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. पांच विंशतींच्या शंभर अध्यायांत राजाच्या कर्तव्यांपासून त्याच्या करमणुकीपर्यंत सर्व कांहीं आलें आहे. त्यांत ससाण्यांचा विनोद आहे, कुत्र्यांचा आहे, मासे गळाला लावण्याचा आहे, आणि मृगयेचा तर सविस्तर आहे. शिकविलेल्या चित्त्याकडून हरीण धरविण्याची रीत त्यांत नमूद आहे, आणि आपल्या देशांतील चित्त्याच्या शिकारीचा हा फार जुना लेखी पुरावा समजला जातो.

चित्त्याच्या शिकारीचा आणि हवामानाचा संबंध समजून घेण्यासारखा आहे. पुढील काळांत ही शिकार बैलगाडीवरून होई. चित्त्याच्या डोळ्यांवर झापड बांधून त्याला गाडीवर बसवीत. शेतांतून जाणारी गाडी हरणांच्या ओळखीची असल्यामुळें तीं फारशीं बुजत नसत. टप्प्यांत आल्यावर झापड काढून चित्ता सोडीत. आतां ही गाडी कोरड्या जमिनीवरच चालणार. काळ्या मातीला पाणी लागलें म्हणजे ती फुगते, चिकट होते, चाकाच्या आऱ्यांत भरते, आणि बैल जागच्या जागीं खिळतात. राजाचें वैभव कितीहि मोठें असो, मृगाच्या दोन सरींनीं त्याची गाडी बंद पाडावी अशी या मातीची जात आहे. उलटपक्षीं, याच चिखलांत हरणाचे निमुळते खूर रुततात व त्याचा वेग मोडतो. म्हणून पावसाळ्यांत काळ्या रानांतलें हरीण कुत्र्यांना धरतां येई, अशी जुन्या इंग्रज शिकाऱ्यांचीहि नोंद आहे. म्हणजे एकच पाऊस गाडीवाल्याचा वैरी आणि पायीं चालणाऱ्या शिकाऱ्याचा मित्र होता.

पाऊस आणि पारध यांचें हें नातें आपल्या पूर्वजांनीं आकाशांतहि मांडून ठेवलें आहे. सूर्य मृग नक्षत्रांत आला म्हणजे, जूनच्या सात तारखेच्या सुमारास, आपला शेतकरी पाऊस धरतो. हें मृग म्हणजे बाण लागलेलें हरीण, आणि त्याच्या मागें लखलखणारा तारा तो व्याध. ऐतरेय ब्राह्मणांत मृगरूप घेतलेल्या प्रजापतीची आणि त्याला विंधणाऱ्या रुद्राची कथा येते. याच नक्षत्राच्या आधारानें लोकमान्य टिळकांनीं १८९३ मध्यें ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहून वेदांच्या काळाची चर्चा केली. हरीण, बाण आणि व्याध हें सारें चित्र ज्या नक्षत्राशीं जोडलेलें, तेंच आपलें पेरणीच्या पावसाचें नक्षत्र होय. आणि सूर्य तेथें असतो त्या दिवसांत तें आकाशांत दिसत नाहीं. पाऊस आला, पारध दृष्टिआड झाली.

राजे लोक रानांत जात तेव्हां एकटे जात नसत. एक चालतें नगर त्यांच्याबरोबर निघे. अबुल फजलनें ‘आईन-इ-अकबरी’मध्यें अकबराच्या तळाचें वर्णन केलें आहे. एका मुक्कामाचें सामान हलविण्यास १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत. तंबूंचे दोन संच असत; बादशहा एकांत राहत असतां दुसरा पुढच्या मुक्कामीं उभा होई. त्यालाच पेशखाना म्हणत. ही सोय थाटाची खरी, पण हवामानाच्या दृष्टीनें तिचा अर्थ एवढाच कीं, दिवसभर थकून आलेल्या माणसाला भिजल्या अंगानें तंबू ठोकण्याची वेळ येऊं नये.

तरीहि आभाळ फिरलें म्हणजे बादशहाचीहि धडगत नसे. बालाघाटाच्या पश्चिमेस, आजच्या सोलापूर जिल्ह्यांत, माण नदीच्या कांठीं खवासपूर येथें १७०० मध्यें औरंगजेबाची छावणी पडली होती. पाऊस संपला अशा समजुतीनें नदीलगतच्या सखल जागेंत तळ दिलेला. ऑक्टोबरच्या आरंभीं एका रात्रीं डोंगराकडे झालेल्या पावसाचा लोंढा अचानक आला आणि निजलेल्या छावणींत शिरला. माणसें, जनावरें, तंबू वाहून गेले. गडबडींत बादशहाच्या गुडघ्याला दुखापत झाली व तो पुढें जन्मभर लंगडत राहिला. ही शिकारीची हकीकत नव्हे, लष्कराची आहे; पण रानांत तळ टाकणाऱ्या प्रत्येकाला लागू पडणारा धडा तिच्यांत आहे. आपल्या नद्यांचा पूर डोक्यावरच्या पावसानें येत नाहीं. तो दूरच्या, न दिसणाऱ्या पावसानें येतो. येथें चांदणें पडलेलें असतें आणि वर कोठें तरी ढग फुटलेला असतो. म्हणून ओढ्याच्या पात्रांत, वाळू कितीहि मऊ असली तरी, पथारी टाकूं नये; झुडपांना अडकलेल्या काडीकचऱ्यावरून मागल्या पुराची रेघ ओळखावी व तिच्यावर चढून निजावें. मेंढपाळ, गाडीवान आणि पारधी यांना ही गोष्ट कोणीं शिकवावी लागत नसे.

पावसाचें सुख घेण्याची राजेशाही रीत पाहावयाची असेल तर याच जिल्ह्यांतील नळदुर्गास जावें. बोरी नदीला किल्ल्यांतच बांध घालून त्या बांधाच्या पोटांत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळीं पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यांत बांधावरून पाणी कोसळतें आणि आंतल्या दालनांत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें पाण्याचा पडदा पडतो; अंगावर मात्र थेंबहि येत नाहीं. वाईट हवामानाशीं दगड, चुना आणि सत्ता यांच्या जोरावर केलेला हा तह मोठा देखणा आहे यांत शंका नाहीं.

याच नळदुर्गाशीं एका इंग्रज लेखकाचें नांव जोडलेलें आहे. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा जिल्हाहि कंपनी सरकारकडे कारभारासाठीं सोंपविला, आणि फिलिप मेडोज टेलर हा तेथील अधिकारी झाला. १८५७ पर्यंत त्यानें हा कारभार पाहिला. १८६० मध्यें जिल्हा पुन्हां निजामाकडे गेला. टेलरची १८६३ मध्यें निघालेली ‘तारा’ ही कादंबरी तुळजापूरच्या भूमीवर रचलेली आहे, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्यें प्रसिद्ध झालेलें आत्मचरित्र दख्खनच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्या काळच्या अधिकाऱ्यांची एक ठरलेली चाल होती. पाऊस सरला, वाटा सुकल्या, कीं दौरा निघे. दिवसा जमाबंदीचे कागद, पहांटे व तिसऱ्या प्रहरीं शिकार. थंडीचे हे चार महिने म्हणजे शिकारी साहेबाचें स्वर्गसुख. परंतु वाघाची शिकार थंडींत नीट साधत नसे. चैत्र-वैशाखांत रानांतलें पाणी आटतें, उरलेल्या डोहांवर वाघाला यावेंच लागतें, तेव्हां ती साधे. आणि नेमके तेच दिवस वळवाच्या पावसाचे, वादळाचे, विजेचे आणि गारांचे. हांकेकऱ्यांची रांग रानांत पांगलेली असतां दुपारीं आभाळ काळें व्हावें, हा प्रसंग त्यामुळें अपवादाचा नव्हता.

आतां हत्यारांकडे वळूं. तोड्याच्या बंदुकीचा कान उघडा असे. त्यांत रंजक घालावयाची, पेटता तोडा तिला लावावयाचा, मग आंतली दारू पेट घेणार. पावसांत तोडा विझे आणि रंजक ओली होई. म्हणजे बंदूक ही एक जड काठी उरे. दारूंतला सोरा हवेंतला ओलावाहि ओढून घेतो, म्हणून शिंगाच्या किंवा चामड्याच्या दारूदानाचें तोंड मेणानें बंद करीत, बंदुकीच्या कानावर मेणकापड बांधीत. हें न केल्यानें केवढी उलथापालथ होते, तें पलाशीनें दाखविलें आहे. १७५७ च्या २३ जूनला दुपारीं तेथें मोठी सर आली. कंपनीच्या लोकांनीं आपली दारू ताडपत्रीखालीं झांकली. नवाबाच्या तोफखान्याची दारू भिजली. लढाईच्या निकालाला फितुरी मुख्यतः कारण झाली खरी, पण त्या सरीचाहि वांटा होता.

एकोणिसाव्या शतकांत प्रथम टोपीची बंदूक आली, मग पितळी काडतूस आलें. काडतुसांत दारू, गोळी व टोपी एकत्र बंद असल्यामुळें पावसाची शिकाऱ्यावरील एक मोठी पकड सुटली. याचा परिणाम सावजाला भोगावा लागला. पूर्वीं ओलें आभाळ हरणाचें रक्षण करी. आतां तें कवचहि गेलें. हत्याराची सुधारणा म्हणजे केवळ नेमाची सुधारणा नव्हे, ती हवामानापासून मिळविलेली मुक्तता होती, हें शिकारीच्या इतिहासांत पुरेसें लक्षांत घेतलें जात नाहीं.

ज्यांच्यापाशीं काडतूस नव्हतें आणि तंबूहि नव्हता, त्यांच्यापाशीं घोंगडें होतें. दख्खनी मेंढीच्या भरड लोंकरीचें, धनगरांनीं विणलेलें, चिंचोक्याच्या खळीनें ताठ केलेलें हें वस्त्र साधें दिसतें, पण त्याच्या मागें पिढ्यांचें शहाणपण आहे. लोंकरीचा धागा आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकें पाणी पोटांत घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाहीं. पाणी शोषतांना तो थोडी ऊबहि देतो. सुती कपड्याचें याच्या उलट आहे. तें भिजलें कीं अंगाला चिकटतें आणि वाऱ्याबरोबर अंगांतली ऊब काढून नेतें. जोरदार पावसांत, वारा सुटला असतां, ओल्या सुती कपड्यांनीं उभा राहिलेला माणूस आपल्या उष्ण देशांतहि गारठून आजारी पडतो. घोंगड्याची खोळ करून ती डोक्यावरून घेतली म्हणजे पाणी पाठीवरून ओघळून जातें, पुढें हात मोकळे राहतात. निजतांना तेंच अंथरूण आणि तेंच पांघरूण होतें.

घोंगड्याच्या जोडीला बटवा असे. त्यांत चकमक, गार आणि सांवरीचा कापूस. ओल्या रानांत विस्तव करणें ही खरी विद्या. उभ्या झाडाची वाळकी फांदी मोडावी, जमिनीवर पडलेली घेऊं नये. वरचें ओलें साल सोलून आंतला कोरडा गाभा काढावा. वाऱ्याकडे पाठ करून घोंगड्याच्या आडोशाला ठिणगी पाडावी. शिदोरींत दुधांत भिजविलेल्या पिठाच्या दशम्या, कारण पाण्यांत मळलेल्या भाकरीपेक्षां त्या अधिक दिवस टिकतात. पूर आलेल्या ओढ्यापलीकडे एखादी रात्र काढावी लागली तर या दशम्यांवरच निभावें.

या साऱ्या विद्येचे मोठे वारसदार म्हणजे फांसेपारधी. धाराशिव जिल्ह्यांत त्यांची वस्ती जुनी आहे. पारध हीच त्यांची जात आणि तोच त्यांचा धंदा. बंदूक त्यांच्या हातीं नव्हती; फांस होता. जनावरांच्या स्नायूंच्या तातींचे फांस हरणासाठीं, आणि घोड्याच्या केसांचे फांस तित्तर-लाव्यासाठीं. शिकविलेल्या बैलाच्या आडून, त्याच्या चालीनें, चरत चरत सावजाजवळ जाण्याची त्यांची हातोटी जुन्या ग्रंथकारांनीं वर्णिली आहे. आतां तात ही वस्तु हवेला फार हळवी. ओल लागली कीं ती सैल पडते, ऊन लागलें कीं आवळते. तेव्हां फांस मांडणाऱ्याला आधीं आभाळ वाचावें लागे. वारा कोठून वाहतो हें चिमूटभर धूळ सोडून पाहावयाचें. कारण माणसाचा वास पुढें गेला तर दिवस फुकट. पाऊस पडून गेल्यावर मात्र जमीन कोऱ्या पाटीसारखी होते. कालचे माग पुसले जातात आणि आजचे स्वच्छ उमटतात. तिच्यावर उमटलेला खूर कोणाचा, किती वेळापूर्वींचा, भरलेल्या पोटाचा कीं लंगड्या पायाचा, हें पारध्याला दिसे.

राजाला आणि साहेबाला पावसाळा म्हणजे सुट्टी. पारध्याला तशी सुट्टी नव्हती. पोट चार महिने थांबत नाहीं. त्याचें घर म्हणजे चार काठ्यांवर टाकलेलें पाल; वाऱ्यानें तें उडे आणि पावसानें गळे. ज्याच्याजवळ हवामानाचें ज्ञान सर्वांत अधिक, त्याच्याजवळ हवामानापासून संरक्षण सर्वांत कमी, असा हा विपरीत हिशेब आहे.

त्यांत कायद्याची भर पडली. १८७१ मध्यें इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला व पुढें तो देशाच्या इतर भागांना लागू केला. ऋतूप्रमाणें फिरणाऱ्या अनेक जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरल्या. हजेरी, परवाना, आणि सोलापुरासारख्या ठिकाणीं तारेच्या कुंपणांतल्या वसाहती. ज्यांनीं पाऊस पाहून मुक्काम हलवावा, त्यांना आतां चौकीचा हुकूम पाहून हलावें लागे. १९५२ च्या ३१ ऑगस्टला या जमाती विमुक्त झाल्या; कपाळावरचा शिक्का मात्र लोकांच्या मनांतून तितक्या लौकर पुसला गेला नाहीं. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळवीट-माळढोकांची शिकार बंद झाली. तें योग्यच झालें. सावज उरलेंच नव्हतें. तथापि माळावरचीं जनावरें पारध्याच्या फांसानें संपलीं, कीं काडतुसानें, नांगरानें आणि कुऱ्हाडीनें संपलीं, याचा जमाखर्च न मांडतां दोष मात्र ज्याच्याकडे बोट दाखविणें सोपें त्याच्यावर गेला.

हांकेकऱ्यांचेंहि असेंच. शिकारीच्या जुन्या छायाचित्रांत वाघाच्या मागें उभी राहिलेली ती उघडी-वाघडी माणसें पाहावीं. गांवांतून बोलावून, पुष्कळदां वेठीनें धरून आणलेलीं. आभाळ फाटलें म्हणजे मचाणावरचा पाहुणा छत्रीखालीं जाई. हांकेकरी जेथें असेल तेथें उभा राही. त्यांतल्या कोणाचें काय झालें याची नोंद शिकारीच्या रोजनिशींत क्वचितच आढळते.

आणि उघड्या माळावर उभें राहणें ही साधी गोष्ट नव्हे. मराठवाड्याच्या आभाळाचीं दोन अस्त्रें भयंकर आहेत : गार आणि वीज. माघ-फाल्गुनापासून तापलेल्या जमिनीवरची ओलसर हवा वेगानें वर चढते, वरच्या थंडीनें तिच्यांतलें पाणी गोठतें, आणि तोच बर्फाचा कण वर-खालीं हेलकावत मोठा होऊन खालीं येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें झालेली गारपीट आपल्या पुष्कळ श्रोत्यांना आठवत असेल. धाराशिव-लातूरकडील उभीं पिकें, द्राक्षांचे मांडव, पांखरें आणि जनावरें तिनें झोडपून काढलीं. गारांत सांपडलेल्या जुन्या माणसाचा उपाय म्हणजे गाडीखालीं शिरणें, नाहीं तर घोंगड्याच्या घड्या करून डोक्यावर धरणें. उपाय साधा, पण खरा.

विजेच्या बाबतींत मात्र जुनें शहाणपण पुरें पडलें नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. पावसापासून बचाव म्हणून माणूस एकट्या बाभळीखालीं किंवा लिंबाखालीं धांवतो. आणि माळावरचें एकटें उंच झाड हीच विजेची आवडती जागा. झाडावर पडलेली वीज खोडांतून बाजूला उडी घेते, जमिनींतून पसरते, आणि आश्रयाला आलेल्या माणसांना व गुरांना एकदम मारते. घोंगडें तेथें उपयोगाचें नाहीं. हांकेकऱ्यांनीं, गुराख्यांनीं, शिकाऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या याच चुकीनें प्राण गमावले, आणि गांवानें त्याला दैव म्हटलें. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकूं येईपर्यंत अंक मोजावे. आवाजाला एक किलोमीटर यावयास सुमारें तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला तर आपण टप्प्यांत आहों असें समजून पक्क्या घरांत जावें. घर नसेल तर झाडापासून आणि उंचवट्यापासून दूर, सखल पण ओढ्याबाहेरच्या जागीं, दोन्ही पाय जुळवून उकिडवें बसावें. आडवें पडूं नये, बंदूक, कुदळ किंवा छत्री उभी धरूं नये, आणि घोळका करूं नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें तयार केलेली ‘दामिनी’ ही भ्रमणध्वनीवरील सूचनाव्यवस्था आतां वीज जवळ येत असल्याची आगाऊ कल्पना देते. तिचा खरा लाभ माळावरच्या माणसाला झाला पाहिजे. सूचना बहुधा शहरांतल्या पक्क्या छपराखालीं वाचली जाते, ही तींतली उणीव आहे.

सरकारी हवामानखातें आपल्या देशांत १८७५ मध्यें सुरू झालें, आणि पुढें अकरा वर्षांनीं, १८८६ मध्यें, पावसाचें पहिलें दीर्घ मुदतीचें भाकीत निघालें. त्याच्या आधीं हजारों वर्षें आभाळ वाचण्याचें काम कोणी करीतच होतें. टिटवीनें अंडीं ओढ्याच्या पात्रांत घातलीं कीं कांठावर, कावळ्यानें घरटें कोणत्या झाडावर केलें, पावशा केव्हां बोलूं लागला, नक्षत्राचें वाहन कोणतें, असे आडाखे लोक बांधीत. त्यांतले कांहीं निरीक्षणावर उभे होते, कांहीं निव्वळ समजुती होत्या. दोन्हीं एकाच गाठोड्यांत बांधून फेकून देणें जितकें चूक, तितकेंच दोन्हीं डोक्यावर घेऊन मिरविणें चूक. माग काढणें, वारा ओळखणें, पुराची रेघ पाहणें, लोंकरीचा गुण जाणणें ही परीक्षेला उतरलेली विद्या आहे. बाभळीखालचा आसरा ही परीक्षेंत नापास झालेली समजूत आहे. इतिहासाचा उपयोग हें निवडून घेण्यासाठीं आहे.

आतां बालाघाटावर बंदुकीचे बार होत नाहींत. येडशीजवळच्या रामलिंगाच्या घाटांत अभयारण्य आहे, आणि २०२४ च्या अखेरीस विदर्भांतल्या टिपेश्वराकडून शेंकडों किलोमीटर चालून आलेला एक वाघ तेथें दिसला, तेव्हां सबंध जिल्हा चकित झाला. त्याचा माग काढावयाला यंत्रें आलीं, कॅमेरे आले. परंतु ओल्या मातींत उमटलेलें पाऊल किती वेळापूर्वींचें, हें सांगूं शकणारीं माणसें याच जिल्ह्यांतल्या पालांवर आहेत. त्यांच्या मुलांना शाळेचें छप्पर मिळावें आणि त्यांच्या वडिलांच्या विद्येला वनखात्याच्या कामांत मानाची जागा मिळावी, ही मागणी दयेची नाहीं. ज्यांनीं शतकानुशतकें आभाळ अंगावर घेतलें, त्यांचा तो हिशेब आहे. आणि तो अद्याप चुकता व्हावयाचा आहे.